महाराष्ट्रातील अवैध शस्त्रवाहतूक आणि निर्बंधांची अंमलबजावणी

महाराष्ट्रातील अवैध शस्त्रवाहतूक या संज्ञेत परवान्याशिवाय, खोट्या कागदपत्रांच्या आधारे किंवा आंतरराष्ट्रीय निर्बंध मोडून राज्याच्या किनाऱ्यावरून, बंदरांतून अथवा विमानतळांवरून होणारी शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके यांची ने-आण येते. शस्त्रनिर्मितीस उपयोगी पडणाऱ्या यंत्रसामग्रीची चोरटी वाहतूकही तिच्यातच मोडते. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे उतरवलेली स्फोटके, १९९५ साली मुंबई विमानतळावर उतरण्यास भाग पाडलेले पुरुलिया प्रकरणातील विमान आणि २०२४ साली न्हावा शेवा बंदरात अडवलेली यंत्रसामग्री ही या विषयातील सर्वांत ठळक प्रकरणे होत. एकात माल समुद्रातून होडीने आला, दुसऱ्यात आकाशातून पडला, तिसऱ्यात कंटेनरमधून निघाला. तिन्ही वेळी प्रश्न मात्र एकच होता: कागदावर लिहिलेला माल आणि प्रत्यक्षातील माल यांतील तफावत कोणी पाहिली, आणि पाहिल्यावर काय केले. मुंबई–पुणे मार्गावरील मावळ, तळेगाव व चाकण हा औद्योगिक पट्टा निर्यातदार या नात्याने या विषयाशी जोडला गेला आहे.

स्वरूप

बहुतेक अवैध शस्त्रे कारखान्यातून बाहेर पडताना वैध असतात. ती अवैध ठरतात ती वाटेत. शस्त्रविक्रीच्या व्यवहारात विकणारा देश खरेदीदाराकडून अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र मागतो. हा माल अमुक देशाच्या अमुक दलासाठी आहे व तो अन्यत्र दिला जाणार नाही, अशी लेखी हमी त्यात असते. हे प्रमाणपत्र बनावट असू शकते, लाच देऊन मिळवलेले असू शकते किंवा खरे असूनही माल दुसरीकडे वळवला जाऊ शकतो. माल जहाजावर चढला की बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याची पावती, हे त्याचे ओळखपत्र बनते. पाठवणारा, घेणारा, वजन आणि वर्णन या चार रकान्यांपैकी एखादा खोटा असला की पुढील प्रत्येक बंदरात तोच खोटेपणा अधिकृत कागद म्हणून पुढे सरकतो.

दुसरा प्रकार दुहेरी वापराच्या वस्तूंचा आहे. संगणक-नियंत्रित लेथ, विशिष्ट रसायने, बेअरिंग, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग यांचा उपयोग मोटारनिर्मितीत होतो, तसाच क्षेपणास्त्रनिर्मितीतही होतो. यांत वस्तूपेक्षा ग्राहक महत्त्वाचा ठरतो, आणि म्हणून तपासणीही अधिक अवघड होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

परकीयांनी चोरून पुरवलेल्या शस्त्रांचा आणि त्याबद्दल झालेल्या शिक्षेचा एक जुना प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळगडाला वेढा घातला असता ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने त्याला कुलपी गोळे पुरवले. इतकेच नव्हे, तर तो आपल्या सहकाऱ्यांसह पन्हाळ्यापाशी जाऊन इंग्रजी निशाण फडकवीत गडावर गोळे डागण्यात सहभागी झाला. व्यापाऱ्याने लढाईत तटस्थ राहावे ही तेव्हाही अपेक्षा होती. पुढील वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना कैदेत टाकले व ते १६६३ मध्ये सुटले. वखारीच्या नुकसानभरपाईचा वाद १६७४ च्या तहापर्यंत चालू राहिला. आजच्या परिभाषेत याला निर्बंधभंग म्हणणे काळविपर्यास ठरेल. परंतु शस्त्र पुरवणारा हा लढणाऱ्याइतकाच जबाबदार असतो, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

ब्रिटिश काळात १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर कठोर बंधने घातली. ती मोडण्याचे सर्वपरिचित उदाहरण १९०९ मधील आहे. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनच्या इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्याकरवी वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस पाठवली. ती पेटीच्या दुहेरी तळात लपवलेली होती. त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. क्रांतिकारकांच्या दृष्टीने ती स्वातंत्र्यासाठीची शस्त्रे होती, सरकारच्या दृष्टीने तस्करीचा माल. शस्त्रवाहतुकीच्या वैधतेचा निकाल बहुधा सत्ता कोणाच्या हाती आहे यावर ठरतो, हे या विषयाच्या अभ्यासकास वारंवार आढळते.

दिघी–शेखाडी प्रकरण (१९९३)

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे गाव राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिऱ्याच्या समोर वसले आहे. शेखाडी त्याच तालुक्यात दक्षिणेकडे आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनंतर टायगर मेमन याच्या टोळीने या किनाऱ्यावर शस्त्रे उतरवली. पहिली खेप ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीला आली. त्यानंतर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात शेखाडीला दोन वेळा माल उतरला. त्यात एके-५६ रायफली, हातबाँब, काडतुसे आणि आरडीएक्स हे स्फोटक होते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बाँबस्फोटांत हेच आरडीएक्स वापरले गेले. या स्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले व ७१३ जण जखमी झाले.

हा किनारा अगदीच बेवारस नव्हता. तेथे पोलीस ठाणे होते, सीमाशुल्क विभागाची पथके होती आणि तस्करीविषयीच्या खबरा मिळण्याची व्यवस्थाही होती. दिघीहून निघालेल्या मालमोटारी त्याच रात्री गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलिसांच्या पथकाने अडवल्या. न्यायालयासमोर सिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार तेथे सात लाख रुपयांची लाच ठरली, आणि तेवढी रोख रक्कम जवळ नसल्याने तारण म्हणून चांदीच्या विटा पोलिसांच्या हवाली करण्यात आल्या. मोटारी पुढे गेल्या.

या किनाऱ्यावरून सोन्या-चांदीची तस्करी वर्षानुवर्षे चालत आली होती आणि तिच्याकडे डोळेझाक करण्याचे दरही जणू ठरून गेले होते. चांदीसाठी तयार झालेली ही वाट, तेच खलाशी, तेच हमाल, त्याच मालमोटारी आणि तोच हप्ता या सर्वांचा उपयोग स्फोटकांसाठी झाला. लाच घेणाऱ्यांपैकी प्रत्येकाला पेटीत काय आहे हे ठाऊक होते असे नाही. पेटी न उघडण्याचेच पैसे त्यांना मिळत होते, आणि म्हणून ठाऊक नसणे हा बचाव न्यायालयात फारसा टिकला नाही. विशेष टाडा न्यायालयाने २००६–०७ मध्ये शंभर आरोपींना दोषी ठरवले. त्यांत सीमाशुल्क विभागाचे व पोलीस दलाचे अधिकारी-कर्मचारी होते. अतिरिक्त कलेक्टर दर्जाच्या एका सीमाशुल्क अधिकाऱ्यास जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी अपिलांवर निर्णय देताना सीमाशुल्क, पोलीस व तटरक्षण यंत्रणांच्या अपयशावर कठोर ताशेरे ओढले. याच निकालाने अभिनेता संजय दत्त यांची शस्त्र अधिनियमाखालील शिक्षा पाच वर्षांची केली. ती त्यांनी पुण्याच्या येरवडा कारागृहात भोगली.

या प्रकरणानंतर कोकण किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल व राज्य पोलीस यांची संयुक्त गस्त सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबईत शिरले, तेव्हा त्या गस्तीच्या मर्यादाही उघड झाल्या. सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांची ओळखपत्रे व नौकांची नोंदणी यांवर भर देण्यात आला तो त्यानंतर.

पुरुलिया प्रकरण आणि मुंबई विमानतळ (१९९५)

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील झालदा परिसरातील गावांवर एका अँतोनोव्ह-२६ विमानातून हवाईछत्र्यांच्या साहाय्याने पेट्या टाकण्यात आल्या. त्यांत शेकडो एके-४७ रायफली, रॉकेट लाँचर व दहा लाखांहून अधिक काडतुसे होती. सकाळी शेतात पडलेल्या पेट्या गावकऱ्यांनीच प्रथम पाहिल्या.

हा माल बल्गेरियातील बुर्गास येथे चढवला होता. त्याच्या कागदपत्रांत अंतिम वापरकर्ता म्हणून बांगलादेशाचे नाव होते, त्यामुळे बल्गेरियातून तो उघडपणे बाहेर पडला. वाटेत विमान कराची व वाराणसी येथे उतरले. तरीही आतील 'तांत्रिक सामग्री' कोणी पाहिली नाही. पेट्या टाकून झाल्यावर विमान कोलकात्यामार्गे थायलंडमधील फुकेत येथे गेले आणि काही दिवसांनी पुन्हा भारतावरूनच परत निघाले. २१–२२ डिसेंबरच्या रात्री चेन्नईहून कराचीकडे जात असताना भारतीय हवाई दलाने त्यास मुंबईच्या सहार विमानतळावर उतरण्यास भाग पाडले.

पुढे जे घडले ते अंमलबजावणीच्या इतिहासातील लाजिरवाणे पान मानले जाते. विमानातील मुख्य सूत्रधार, किम डेव्ही या नावाने वावरणारा डेन्मार्कचा नागरिक नील्स होल्क, विमानतळावरूनच निसटला. ब्रिटिश शस्त्रदलाल पीटर ब्लीच आणि पाच वैमानिक व कर्मचारी पकडले गेले. आपण ब्रिटिश अधिकाऱ्यांना या सौद्याची पूर्वकल्पना दिली होती, असे ब्लीचने सांगितले. ब्रिटनकडून भारतालाही आगाऊ सूचना मिळाली होती. ती सूचना वेळेत पुरुलियापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न संसदेत वारंवार विचारला गेला. २००० साली कोलकात्याच्या न्यायालयाने सहाही आरोपींना जन्मठेप दिली. कर्मचाऱ्यांची त्याच वर्षी व ब्लीचची २००४ मध्ये शिक्षा माफ होऊन सुटका झाली. होल्कच्या प्रत्यार्पणास डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला. भारतात त्याला अमानुष वागणूक मिळण्याचा धोका आहे, हे त्यामागील कारण होते. ही शस्त्रे आनंदमार्ग या संघटनेसाठी होती असा तपासयंत्रणेचा आरोप होता. संघटनेने तो नाकारला.

न्हावा शेवा बंदर आणि दुहेरी वापराच्या वस्तू

रायगड जिल्ह्यातील उरणजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजेच न्हावा शेवा, १९८९ मध्ये सुरू झाले. २०२३–२४ या वर्षात तेथे वीस फुटी मापाने ६४ लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. दिवसाला ही सरासरी साडेसतरा हजारांच्या घरात जाते. एवढे कंटेनर उघडून पाहणे अशक्यच आहे. त्यामुळे संगणकीय जोखीम-निवड, क्ष-किरण तपासणी आणि गुप्तवार्ता यांवर सारी भिस्त असते. यांपैकी तिसरी नसेल तर पहिल्या दोन बहुधा निरुपयोगी ठरतात.

२३ जानेवारी २०२४ रोजी चीनमधील शेकोउ बंदरातून कराचीला निघालेले 'सीएमए सीजीएम अटिला' हे माल्टाध्वजधारी जहाज न्हावा शेवा येथे आले असता गुप्तवार्तेच्या आधारे त्यातील एक खेप सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी थांबवली. तीत इटालियन बनावटीचे संगणक-नियंत्रित यंत्र होते व खेपेचे वजन २२,१८० किलोग्रॅम होते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पथकाने ते तपासून पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात त्याचा वापर होऊ शकतो, असे मत दिले. भारतीय अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार कागदोपत्री दाखवलेले पाठवणारा व घेणारा हे खरे नव्हते. प्रत्यक्ष घेणारी कंपनी पाकिस्तानी संरक्षण खात्याला माल पुरवणारी असून, मार्च २०२२ मध्ये याच बंदरात तिच्या नावे आलेली उपकरणे अडवली गेल्यापासून तिच्यावर नजर होती. पाकिस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाने हा आरोप फेटाळला. हे यंत्र म्हणजे मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कराचीतील खासगी कंपनीसाठीची साधी लेथ होती आणि माल अडवणे हा मुक्त व्यापाराचा भंग होता, अशी त्याची भूमिका होती. दुहेरी वापराच्या वस्तूंबाबतचे जवळजवळ सर्व वाद याच वळणाने जातात, कारण दोन्ही विधाने एकाच यंत्राविषयी खरी असू शकतात.

महाराष्ट्राबाहेरील दोन घटना येथे तुलनेसाठी उपयुक्त आहेत. जून १९९९ मध्ये गुजरातमधील कांडला बंदरात साखर उतरवण्यास आलेल्या 'कु वोल सान' या उत्तर कोरियाच्या जहाजावर जलशुद्धीकरणाची सामग्री म्हणून नोंदवलेल्या पेट्यांत क्षेपणास्त्रांचे भाग व आराखडे सापडले. उलट ऑगस्ट २००९ मध्ये अंदमानजवळ तटरक्षक दलाने पाठलाग करून पकडलेल्या 'मू सान' या उत्तर कोरियाच्याच जहाजावर झडतीअंती फक्त साखर निघाली.

कायदे

शस्त्रांची आयात-निर्यात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अवैध शस्त्रव्यापाराची स्वतंत्र व्याख्या करून त्यासाठी किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली. माल अडवण्याचा व जप्त करण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधून येतो. भारतातून केवळ पुढे जाणाऱ्या मालास जो कायदा लागू होतो तो म्हणजे सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा २००५ चा अधिनियम. न्हावा शेवासारख्या प्रकरणात तोच महत्त्वाचा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेचा २००४ चा ठराव क्रमांक १५४० त्याच्या पार्श्वभूमीला होता. २०२२ च्या दुरुस्तीने अशा कार्यक्रमांस पैसा पुरवण्यावरही बंदी आली.

निर्यातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट नावाची यादी आहे. यादीतील वस्तूला परवाना लागतोच. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला. पारंपरिक शस्त्रे व दुहेरी वापराचे तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा हा देशांचा गट १९९६ पासून कार्यरत आहे. चीन व पाकिस्तान त्याचे सदस्य नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१३ मधील शस्त्रव्यापार करारावर मात्र भारत मतदानात तटस्थ राहिला. निर्यातदार देशांना झुकते माप आणि दहशतवाद्यांच्या हाती जाणाऱ्या शस्त्रांबाबत ढिली तरतूद, हे त्याचे आक्षेप होते.

कोणाचे निर्बंध?

सुरक्षा परिषदेने लादलेले निर्बंध भारतात संयुक्त राष्ट्रसंघ (सुरक्षा परिषद) अधिनियम, १९४७ अन्वये राजपत्रातील आदेशाद्वारे लागू होतात. अमेरिका किंवा युरोपीय संघ यांनी एकतर्फी जाहीर केलेले निर्बंध भारत आपल्यावर बंधनकारक मानत नाही. कायद्याच्या पुस्तकात हा भेद स्वच्छ आहे. व्यवहारात तो टिकवणे कठीण जाते. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाच्या युद्धयंत्रणेस मदत केल्याच्या आरोपावरून जगभरच्या सुमारे चारशे व्यक्ती व कंपन्यांवर निर्बंध घातले, त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. या कंपन्यांनी भारतीय कायदा मोडलेला नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. तथापि डॉलरमधील व्यवहार अमेरिकी बँकांतून जात असल्याने भारतात निर्दोष असलेल्या कंपनीचेही पैसे अडकू शकतात.

याची उलट बाजू सप्टेंबर २०२४ मध्ये पुढे आली. भारतीय कारखान्यांनी युरोपीय ग्राहकांना विकलेले तोफगोळे युक्रेनकडे वळवले गेल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. परराष्ट्र मंत्रालयाने ते तर्काधारित व दिशाभूल करणारे म्हटले. अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्राची जी अडचण पुरुलियात भारताने ग्राहकाच्या बाजूने भोगली, तीच आता विक्रेत्याच्या बाजूने समोर आली आहे. २०२४–२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली होती, हे लक्षात घेता हा प्रश्न वाढतच जाणार आहे.

मावळ आणि पुणे परिसर

मावळ तालुका व त्याला लागून असलेला परिसर संरक्षणाशी जुने नाते राखून आहे. लोणावळ्याजवळ नौदलाची 'आयएनएस शिवाजी' ही अभियांत्रिकी प्रशिक्षणसंस्था १९४५ पासून आहे. देहूरोड येथे आयुध कारखाना व लष्करी भांडारे आहेत. तळेगाव येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीचा संरक्षण-उत्पादन प्रकल्प असून पिनाक अग्निबाणांचे प्रक्षेपक तेथे तयार होतात. या संस्थांचा व्यवहार सरकारी परवान्याखाली चालतो व त्यांना नियम ठाऊक असतात.

खरा अवघड भाग लहान कारखानदाराचा आहे. चाकण, तळेगाव, पिंपरी-चिंचवड येथील असंख्य कारखाने बेअरिंग, झडपा, अचूक यंत्रण केलेले सुटे भाग, यंत्रांचे नियंत्रक बनवतात. हा माल द्रुतगती मार्गाने खंडाळ्याचा घाट उतरून न्हावा शेव्याला जातो. पाश्चिमात्य देशांनी रशियाबाबत तयार केलेल्या प्राधान्य-यादीत पन्नास वस्तुप्रकार आहेत आणि त्यांत बेअरिंग व संगणक-नियंत्रित यंत्रेही येतात. यादीतील बहुतेक वस्तू शस्त्रे नाहीत. कारखानदारही त्यांना शस्त्रे समजत नाही. त्याच्यापुढे येते ती दुबई, इस्तंबूल किंवा मध्य आशियातील एखाद्या नव्या व्यापारी कंपनीची ऑर्डर. किंमत चांगली, पैसे आगाऊ, आणि ग्राहक माल नेमका कोठे बसवणार आहे हे सांगण्यास नाखूश. सीमाशुल्क व परकीय व्यापार विभागाच्या निर्यातदारांसाठीच्या मार्गदर्शनात हीच धोक्याची लक्षणे म्हणून सांगितली जातात: वस्तू व ग्राहकाचा व्यवसाय यांचा मेळ नसणे, देखभाल व प्रशिक्षण नको म्हणणे, अंतिम ठिकाण म्हणून मालवाहतूक कंपनीचाच पत्ता देणे.

स्कोमेट यादीत नसलेल्या वस्तूलाही परवाना लागू शकतो. वस्तू सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी किंवा त्यांच्या वाहकांसाठी वापरली जाणार आहे हे निर्यातदाराला ठाऊक असेल, तर २००५ च्या अधिनियमाखाली तो जबाबदार ठरतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. पंचवीस कामगारांच्या कारखान्यात ते काम हिशेबनीस किंवा सीमाशुल्क दलाल करतो, आणि ग्राहकाचे नाव निर्बंधयाद्यांत शोधण्याचे काम बहुधा बँकेने पैसे अडवल्यानंतर सुरू होते.